दारातली खाट

१५ जून, रविवार

आज चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर फादर ईरप्पांनी व्हिसा आल्याचं जाहीर केलं. रोमला युवकांची ज्युबिली आहे, जगभरातून लाखो पोरं येणार, आणि आमच्या चर्चमधून तिघं जाणार. युवराज, नागम्मा आणि मी. बरोबर फादर स्वतः. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जणू आम्ही तिकडून कप जिंकून आणणार आहोत.

युवराज आमच्या युवक मंडळाचा अध्यक्ष. एकोणतीस वर्षांचा घोडा, पण अजून युवकच. गिटारवर त्याला तीन सूर येतात आणि त्या तिनांवर तो जगातलं प्रत्येक गाणं बसवतो. नागम्मा टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवते. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि मारियामातेचं नाव निघालं की दोन्ही भाषांत रडते. मला घेतलं ते इंग्रजी बोलणारं कुणीतरी हवं होतं म्हणून. अर्जात मी ‘श्रद्धा दृढ व्हावी’ असं लिहिलं होतं. लॅबच्या काउंटरवरून काही दिवस सुटका हवी असं लिहिलं असतं तर नेलं असतं का? सोलापुरात सात रस्त्याच्या त्या लॅबमध्ये लोकांना रक्ताचे रिपोर्ट वाटून माझी एकच श्रद्धा दृढ झाली आहे. माणसं आधी वाट्टेल ते करतात आणि मग देवाला विचारतात, हे माझ्याच वाट्याला का.

आई संध्याकाळभर गप्प होती. ती कडक भाकरी करून दुकानांना देते, त्यामुळे आमच्या घरात गप्प बसायचं असलं तरी थापण्याचा आवाज असतोच. शेवटी तव्याकडं बघतच म्हणाली, “तितं ते पवित्र दार हाय न्हवं. त्यातनं जाताना पप्पाचं नाव घे.”

मी ताटं मांडायला घेतली. ती त्यालाच हो समजली असावी.

१७ जून

हे दार काय प्रकरण आहे ते इथं लिहून ठेवते, म्हणजे पुढं वाचताना माझं मलाच हसू येईल. रोमच्या चार मोठ्या चर्चमध्ये एकेक दार असतं, ते एरवी बंद. साधारण पंचवीस वर्षांनी उघडतात. फादरांसमोर पापांचं कन्फेशन करून, कम्युनियनचा प्रसाद घेऊन त्यातून आत गेलं की आपल्या पापांची उरलेली शिक्षा माफ. आणि ही माफी आपल्याला नको असेल तर मेलेल्या माणसाच्या नावानं देता येते. तो शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाच्या अलीकडं शिक्षा भोगत, अडकला असेल तर सुटतो. जिवंत माणसाला मात्र देता येत नाही, नाहीतर मी आईला दिली असती आणि विषय संपवला असता. तसं तिनं पाप काय केलंय म्हणा, त्या माणसाला घरात घेतलं एवढंच.

मी चौदा वर्षांची असताना माझा बाप बार्शीच्या एका बाईबरोबर निघून गेला. दहा वर्षं ना चिठ्ठी ना फोन. मग लिव्हर गेल्यावर परत आला, कारण त्या बाईला आजारी माणूस नको होता. आमच्या आईला चालला. आतल्या खोलीत वारा नाही म्हणून त्याची खाट दारातच टाकली. शेवटचे आठ महिने तो तिथं पडून होता आणि आठ महिने मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. दार अरुंद, खाटेवरून त्याचे पाय बाहेर यायचे. मी पर्स घेऊन निघाले की तो पाय जवळ ओढून घ्यायचा, मला ओलांडायला लागू नयेत म्हणून. त्याचे माझ्यावर उपकार एवढेच. आई म्हणायची, अगं निदान निघताना ‘येते’ तरी म्हण. मी म्हणत नसे. आईला म्हणायचे, आत वळून, मोठ्यांदा.

आयुष्यभर सगळ्यातून सुटलेला माणूस. संसारातून सुटला, पोरीच्या शिक्षणातून सुटला, त्या बार्शीवालीतूनसुद्धा सुटला. आता वर गेल्यावर पहिल्यांदा कुठं अडकलाय, तर तिथूनही सोडवा म्हणे. आणि कुणी, तर मी.

२४ जुलै, सोलापूर स्टेशन

गाडीला उशीर आहे. युवराजनं फलाटावरच गिटार काढली. हमाल थांबून बघत होते, त्यांच्या तोंडावर जे होतं तेच माझ्याही.

आई सगळ्यांसाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणीची पाकिटं घेऊन आली होती. तिनं एकेकाला वेगळं बाजूला घेतलं. युवराजला आधी. मग नागम्माचा हात धरून बराच वेळ काहीतरी सांगत होती, आणि फादरांशी बोलताना तर पदर तोंडाला लावला. माझ्या पोरीकडं लक्ष ठेवा, दुसरं काय असणार. सव्वीस वर्षांच्या बाईची अशी शोभा फक्त आमच्याकडंच होते. माझ्याजवळ आली तेव्हा दाराचं काहीच बोलली नाही. माझ्या नव्या पांढऱ्या बुटांकडं बघून म्हणाली, नीट वापर. विसरली बहुतेक. बरं झालं.

२७ जुलै, रोम

एका शाळेच्या वर्गात जमिनीवर झोपायचं आहे. पंखा नाही. आमच्या शेजारच्या वर्गात ब्राझीलची पोरं आहेत, ती सकाळी उठल्यापासून नाचतात. कुठल्याही देशाची अनोळखी मुलगी येते, गळ्यात पडते, आपला बिल्ला देते आणि माझा मागते. युवराजनं पहिल्याच दिवशी बिल्ले, टोपी आणि आमचा झेंडा सगळं वाटून टाकलं, आणि बदल्यात मिळालेली कोस्टा रिकाची टोपी घालून फिरतोय. कोस्टा रिका कुठं आहे विचारलं तर सांगता आलं नाही.

नागम्मा मात्र प्रवासभर एकच बोलते आहे. तिची आई सुंदरम्मा गेल्या वर्षी गेली, तिच्यासाठी दारातून जायचंय. विमानात, बसमध्ये, नळावर दात घासताना. “अक्का, अम्माला कळंल का, मी आले ते?” मी म्हटलं, कळेल, लाखभर लोक एकदम हाक मारतायत म्हटल्यावर न कळायला काय झालं. तिला टोमणा कळत नाही. तिनं माझे आभार मानले.

३० जुलै

आज सेंट पीटरचं दार झालं. क्रमानं लिहिते, कारण असला अडाणीपणा मी जन्मात पाहिला नाही.

सकाळी निघताना फादर ईरप्पांनी बजावलं, “एका दाराला एकच आत्मा. सगळ्या खानदानाची यादी वाचत बसू नका.” ते अक्कलकोटकडचे, कानडी हेल अजून गेलेला नाही, त्यामुळे ते काहीही बोलले तरी दटावल्यासारखं वाटतं. मग उन्हात रांग. पुढं एक लाकडी क्रूस, तो आळीपाळीनं धरायचा, मागं सगळ्यांनी प्रार्थना म्हणत चालायचं. आमच्या तिघांनी मराठीत ‘नमो मारिया’ धरलं आणि शेजारचे जर्मन भक्तिभावानं ऐकू लागले. युवराज बेसूर होता, ते त्यांना समजण्यासारखं नव्हतं.

दार अगदी जवळ आलं आणि नागम्मा खाली वाकली. मला वाटलं चक्कर आली. तिनं चपला काढल्या. आपल्या चर्चबाहेर काढतो तशा, भिंतीला लावून, जोडी नीट जुळवून. तिचं बघून युवराजनं सँडल काढल्या, आणि फादर, जे आम्हाला सगळ्यात शहाणं माणूस म्हणून बरोबर दिले आहेत, त्यांनीही काढल्या. मी इंग्रजीत, मराठीत, डोळ्यांनी, सगळ्या प्रकारे सांगितलं की इथं काढत नाहीत, बघा, कुणाचे तरी पाय अनवाणी आहेत का. नागम्मा म्हणाली, “देवाच्या दारात चपला घालून कसं जायचं अक्का?” मी बूट काढले नाहीत. चार लोकांत कुणीतरी माणसासारखं दिसायला हवं होतं.

आणि मी नाव घेतलं नाही. मुद्दाम घेतलं नाही. चुकून मनात यायला नको म्हणून उंबरा येईपर्यंत लॅबमधल्या टेस्टची नावं म्हणत राहिले. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉईड, कोलेस्टेरॉल. लिव्हर आलं तेव्हा पुन्हा हिमोग्लोबिनपासून सुरू केलं. तेवढ्यात दार मागं पडलं होतं. काही वाटलं नाही. एवढ्या लांब येऊन काही वाटू न देणं हेसुद्धा सोपं नाही, पण ते कोण बघतो.

पुढची गंमत अशी की त्या दारातून फक्त आत जायचं असतं. बाहेरचा रस्ता दुसरा. विनवण्या करून मी पुन्हा पहिल्या ठिकाणी जाऊन आले, तर भिंत रिकामी. पोलिसांनी बेवारस वस्तू म्हणून तीन जोड उचलून नेले होते. कुठं नेले ते कुणालाच माहीत नाही. जगभरात बॉम्ब शोधत फिरणाऱ्या लोकांनी नागम्माची टाचेला शिवलेली चप्पल ताब्यात घेतली. मग भर दुपारी, तापलेल्या दगडी रस्त्यावरून आमचे तीन भाविक अनवाणी आणि मी बूट घालून पुढं. लोकांना वाटलं काही व्रत आहे. एका बाईनं तर फादरांच्या पायांचा फोटो काढून क्रूसाची खूण केली.

३१ जुलै

आजचंही क्रमानं लिहिते.

नागम्माच्या तळव्यांना फोड आलेत. युवराजनं आणि फादरांनी कालच रबरी चपला घेतल्या, पण तिला त्या सोसेनात. मी वर्गात तिच्या पायांना मलम लावत होते (इंग्रजी लेबल मलाच वाचता येतं, म्हणून) आणि सहज म्हटलं, एवढं करून तुझी अम्मा सुटली म्हणजे झालं. तर ती म्हणाली, “अम्माचं नाव न्हाई घेतलं अक्का. तुमच्या पप्पांचं घेतलं.”

मला आधी अर्थच लागेना. ती सांगत गेली. स्टेशनवर आईनं तिचा हात धरून सांगितलं होतं, माझी पोर नाव घेणार नाही, मला तिचा स्वभाव माहीत आहे, तू घे. “तुमची आई लई रडत होती. माझी अम्मा थांबंल की. तिला सवय हाय.”

तेवढ्यात युवराज दारातून आत वाकून म्हणाला, म्हणजे काय, काकूंनी तर मला सांगितलं होतं. मी घेतलं तुझ्या पप्पांचं, श्रीमंतकाकांचं नाव. त्याला त्याच्या आजोबांचं घ्यायचं होतं म्हणे. मी फादरांकडं बघितलं. ते खिडकीत बसून भाकरी मोडत होते. मी विचारलं, फादर, तुम्ही?

“मीबी,” ते म्हणाले, आणि चटणीचं पाकीट बंद केलं.

तीन. माणसाला एक माफी पुरते, ह्याला तीन. आयुष्यभर दुसऱ्याच्या वाट्याचं घेत आला आणि मेल्यावर नागम्माच्या आईची जागा घेतली, युवराजच्या आजोबांची घेतली, आणि फादरांची कुणाची घेतली ते तर त्यांनी सांगितलंही नाही. मी ओरडले. म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितला हा चोंबडेपणा, तो माझा बाप आहे, त्याचं नाव घेणारे तुम्ही कोण? शेजारचे ब्राझीलवाले नाचायचे थांबले. नागम्मा म्हणाली, “चुकलं अक्का,” आणि मला आणखी राग आला, कारण तिचं चुकलं नव्हतं.

लगेच आईला फोन लावला. म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही तो नाही, पण गावभर कशाला सांगायचं?

ती म्हणाली, “तू घेतलंस का? खरं सांग.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मग?”

मी म्हटलं, तू कशी माफ करू शकतेस त्याला. तर हसली. आईचं ते हसणं मला आवडत नाही, त्यात माझं वय एकदम कमी होतं.

“माफ कुणी केलंय. पण तो तितंबी दारातच पडून असंल, ना आत ना भायेर. आठ महिने बगितलंय मी, तसं पडून ऱ्हाणं काय असतंय ते. कुणीतरी आत घ्याय पायजे की गं.”

मी फोन ठेवला. आईला वाटतं सगळी दुनिया आमच्या घराएवढी आहे.

१ ऑगस्ट

आज एका मोठ्या मैदानात शेकडो फादर बसले होते आणि पोरं रांगा लावून कन्फेशन करत होती. पापं कबूल करायला एवढी गर्दी मी फक्त इथंच पाहिली, आमच्याकडं ती करायला असते. नागम्माला माझे पांढरे बूट दिलेत. माझं माप तिच्याहून मोठं, आत मोजे भरले की फोडांना लागत नाही. दया वगैरे काही नाही, तिला उचलून न्यायची पाळी आली असती तर ती माझ्यावरच. मी रबरी चपला घेतल्या, गुलाबी, दुसरा रंग नव्हता.

तिच्याबरोबर मी रांगेत उभी होते. माझ्या पुढं दोघं उरले तेव्हा रांगेतून बाहेर आले. काय सांगायचं? एका माणसाशी बोलले नाही म्हणून? हे पाप असेल तर अर्धं सोलापूर नरकात जाईल.

३ ऑगस्ट

रात्र मैदानात, धुळीत, लाखो लोकांच्या मध्ये. सगळे म्हणतात अविस्मरणीय. शौचालयाची रांग मीही विसरणार नाही. युवराज एका पोलिश पोराला ‘देव माझा मेंढपाळ’ शिकवत होता, तीन सुरांत. त्या पोराला जमलं.

४ ऑगस्ट

उद्या परत. आज मोकळा दिवस होता. युवराज आणि फादर सामान बांधत बसले. नागम्माला सेंट पॉलच्या चर्चला जायचं होतं. तिथंही एक दार आहे, म्हणजे तिच्या अम्माची सोय. तिला एकटीला मेट्रो कळत नाही. मी नेलं, तिची जागा माझ्याच बापानं घेतली होती, तेवढं तर करायला हवं होतं.

तिथं फारशी गर्दी नव्हती. दारापाशी आलो आणि ती पायातले माझे बूट काढायला वाकली. मी पिशवी पुढं केली. यावेळी भिंतीला लावायचं नाही, हातात घेऊन जायचं, हे मी कालच ठरवलं होतं. ते बूट पिशवीत घातले. मग माझ्या गुलाबी चपलाही घातल्या. दोघी असताना एकीनं घालून जाणं बरं दिसलं नसतं.

ती आधी गेली. उंबऱ्यावर हात टेकला, “अम्मा” म्हणाली, आणि पलीकडं जाऊन रडायला लागली. मग माझी पाळी.

मी थांबले. मागून एक बाई काहीतरी बोलली, बहुतेक चला म्हणाली. मी खाली बघत होते. पलीकडं नुसती फरशी, मोकळी, कुणी आडवं नव्हतं. तरी पाऊल उचलेना. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी वाट बघते आहे. रोज सकाळी अशीच थांबायचे मी, पर्स खांद्याला लावून, भिंतीकडं बघत, त्यानं पाय जवळ ओढून घेईपर्यंत. शेवटी शेवटी त्याला ते जमायचं नाही. दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून घ्यायचा. वेळ लागायचा. मी घड्याळ बघायचे.

त्या बाईनं माझ्या पाठीला हात लावला. मी आत आले.

नागम्मानं विचारलं, कुणाचं नाव घेतलं अक्का. मी म्हटलं, कुणाचं नाही. खरंच आहे ते. आणि घेतलं असतं तरी नियमानं काही धरलं जाणार नाही, मी कन्फेशन केलेलं नाही. शिवाय त्याची सुटका तर तिघांनी आधीच केली आहे. चौथीची गरज काय होती? हे सगळं मला माहीत आहे.

बाहेर झाडाखाली बसून आईला फोन केला. मागं भाकरी थापण्याचा आवाज येत होता. तिनं तब्येत विचारली, बूट नीट आहेत का विचारलं. मी म्हटलं, आज दुसऱ्या दारातून गेले.

“नाव घेतलंस?”

“नाही.”

ती थापत राहिली. मग म्हणाली, “मग काय केलंस दारात?”

“‘पप्पा, येते’ म्हणाले.”

पलीकडं भाकरी थापण्याचा आवाज थांबला.